एक कोटी वाती

१२ जुलै, शनिवार

आली! ऑर्डर आली!! चाळीस हजार पुड्या. एका पुडीत अडीचशे फुलवाती. मी तीनदा गुणाकार केला, मग मुकेशच्या मोबाइलवर करून पाहिला — एक कोटी. एक कोटी वाती! मागच्या दिवाळीला याच सुपरमार्केटवाल्या कंपनीनं आठ हजार पुड्या घेतल्या होत्या, तेव्हाच मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुडीला चौतीस रुपये. राज्यभर तीनशेच्या वर दुकानं आहेत त्यांची. सगळीकडे एकाच दिवशी आपल्या वाती लागणार! फरक एवढाच की यंदा पुडीवर माझं नाव नाही. त्यांचं नाव, त्यांचा रंग, त्यांचं चित्र. छापून मात्र आपणच घ्यायचं.

मुकेश पाण्याच्या मोटारीला वायंडिंगची तार भरत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याईच्या नावाची पुडी छापशीन, अन् उद्या त्याईनं नाई घेतलं त माल कोनाले देशीन?"

काय नवरा आहे! बायकोला एवढी ऑर्डर आली आणि ह्याच्या तोंडून पहिलं वाक्य हे. दिवसभर बोलले नाही त्याच्याशी. पेढे मात्र त्यालाच आणायला लावले.

१३ जुलै, रविवार

सगळ्यांना शेडवर बोलावलं. शेड म्हणजे मुकेशच्या वायंडिंगच्या दुकानामागची पत्र्याची लांब खोली. पुलगाव आणि नाचणगाव मिळून बासष्ट बायका इथून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, नेतात, घरी वाती वळतात, आणून देतात. हजार वातींना साठ रुपये.

देवकाबाई नेहमीसारख्या दाराशी बसल्या. साठी उलटली त्यांची. मी लग्न होऊन नाचणगावात आले तेव्हा वात वळायला मला त्यांनीच शिकवलं. बाकीच्या मला ताई म्हणतात, त्या एकट्या काजल म्हणतात. कोणाची वात ढिली आहे ते डोळे मिटून बोटांनी सांगतात.

"एक कोटी म्हंजे किती व?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याजणी मिळून रोज सव्वा लाख. दसऱ्यापर्यंत."

"मंग बसून काऊन राह्यल्या? लागा न!"

सगळ्या हसल्या. रिंकू तर उठून नाचायचीच बाकी होती. सव्वीस वर्षांची पोर, कडेवर आठ महिन्यांची लेक. नवरा पुण्याकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. मागच्या वर्षी पोटुशी असताना लोकांच्या सोयाबीनमध्ये निंदायला जायची. "ताई, यंदा वावराचं तोंड नाई पाहत मी," म्हणाली.

मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं आज. लिहूनच ठेवते.

२९ जुलै, मंगळवार

आठ दिवस पावसाची झड लागलीये. रुई दमट. वात वळली जाते पण वरचं टोक उभं राहत नाही, लगेच मान टाकते. मुकेशनं शेडमध्ये दोनशे वॅटचे बल्ब टांगून दिले. काही न बोलता. म्हणजे राग माझाच होता, त्याचा नव्हताच.

९ ऑगस्ट, शनिवार

हरिदासभाऊ आज शेडवर आले. स्टेशनजवळ त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान. माझी पहिली पुडी, नऊ वर्षांपूर्वी, त्यांनीच ठेवून घेतली होती. तेव्हा माझ्या पुडीला चिकटपट्टी लावलेली असायची!

"यंदा किती देता?"

"भाऊ, यंदा नाही जमत. सगळा माल कंपनीला बांधलाय."

"हजार पुड्या तरी?"

"शंभरही नाही निघत."

ढिगातली एक वात उचलून पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "बरं. मोठ्या झाल्या तुम्ही." आणि गेले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

कार्तिक सर आले होते — कंपनीचे खरेदी अधिकारी, नागपूरच्या ऑफिसात बसतात. तिशीही नसेल. गोड बोलतात, चपला दाराबाहेर काढून आत आले. माल पाहून खूश. रिंकूनं त्यांना रुई पिंजण्यापासून पुडी बंद करण्यापर्यंत सगळं इतकं छान सांगितलं की मीच ऐकत राहिले. जाताना तिला म्हणाले, "तुम्ही तर मॅडमचं काम घेऊन टाकाल!" ती लाजली.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. गल्लीत पोरांचे लाकडी बैल. आणि आज निम्मं झालं!! वीस हजार पुड्या.

४ सप्टेंबर, गुरुवार



सकाळी अकराला कार्तिक सरांचा फोन. आधी तब्येत, पाऊस, मग — "मॅडम, रेट रिव्हाइज झाला आहे. अठ्ठावीस."

मला वाटलं दुसऱ्या कुठल्या मालाबद्दल बोलताहेत.

"सर, ऑर्डरवर चौतीस लिहिलंय."

"हो, पण खाली एक अट आहे ना. बाजारभावानुसार कंपनी दर बदलू शकते. दुसरा सप्लायर मशीनच्या वाती सव्वीसला द्यायला तयार आहे. मी तुमच्यासाठी भांडून अठ्ठावीस ठेवलेत."

"माझा सव्वीस हजार पुड्या माल तयार आहे, सर. तुमच्या नावाचा."

"म्हणूनच तर म्हणतोय मॅडम, ताणू नका."

फोन ठेवल्यावर कागद काढला. आहे ती अट. शेवटच्या पानावर, मुंगीसारख्या अक्षरात. मी सही केली तिच्याच खाली.

बाहेर नाचणगावच्या बायका वाती घेऊन आल्या होत्या. हसून घेतल्या मी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मुकेशला सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं तो म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

नागपूरला जाऊन आले.

ऑफिस पाचव्या मजल्यावर. बाहेर खुर्च्यांवर आम्ही अकरा जण. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी — कोणाचं लोणचं, कोणाची अगरबत्ती, कोणाचे पापड. शाळेत पेपर द्यायला बसलो आहोत असं वाटत होतं. शेजारचे गृहस्थ हिंगणघाटचे, लोणचंवाले. हळूच म्हणाले, "तिसऱ्यांदा आलो ताई. पहिल्यांदा भाव कमी केला. दुसऱ्यांदा गाडीभाडं माझ्यावर टाकलं. आता कायले बोलावलं, देव जाने."

"मग सोडत का नाही?"

"दोन मशीन घेतल्या न त्याईच्या भरोशावर." आणि पिशवीतली बरणी उगाच सरळ केली.

मला आत दहा मिनिटं मिळाली. कार्तिक सर आणि त्यांच्या वरच्या मॅडम. कार्तिक सर माझ्याकडे पाहतच नव्हते, समोरच्या कागदावर पेन फिरवत होते. मॅडमनी माझी पुडी उघडली, एक वात चिमटीत धरली. "छान आहे. पण ग्राहकाला हाताची आणि मशीनची काय कळते?"

मी म्हटलं, हाताची वात शेवटपर्यंत जळते, मशीनची अर्ध्यावर विझते. तेल पोचत नाही.

"बरं. तुमच्या बायका घरबसल्याच करतात ना हे? जाण्यायेण्याचा खर्च नाही, टीव्ही पाहता पाहता होतं. मग मजुरी एवढी कशी लावता?"

आणि मी — मी मान हलवली! "बरोबर आहे मॅडम," म्हटलं. का म्हटलं? रिंकू लेकीला मांडीवर घेऊन वळते, तिच्या अंगठ्याचं कातडं सोललेलं मी स्वतः पाहिलंय. ते सांगता आलं असतं.  फक्त म्हटलं, थोडं बघा ना. शेवटी मॅडम घड्याळ पाहून म्हणाल्या, "चला, एकोणतीस. तुम्ही लांबून आलात म्हणून."

आणि मला आनंद झाला. खरंच झाला! गाडीत बसल्यावर मुकेशला फोन करून सांगितलं — एक रुपया वाढवून आणला. वर्धा येईपर्यंत त्या एका रुपयाच्याच नादात होते. पुलगावला उतरले आणि फलाटावर एकदम लक्षात आलं की मी पाच रुपये गमावून आले आहे आणि हसत आले आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज जे झालं ते कोणालाही सांगणार नाही. इथे लिहिते.

सगळ्यांना बोलावलं. दोन दिवस मनात वाक्यं जुळवली होती. उभी राहून म्हटलं की कंपनीनं भाव पाडला आहे, माझा इलाज नाही, वरूनच आलंय. आजपासून हजाराला अठ्ठेचाळीस.

  मग रिंकू म्हणाली, "ताई, मंग वात लहान करायची का?" खरंच विचारत होती. टोमणा नव्हता.

"नाही, वात तीच."

"काम तेवढंच, मंग दाम कमी काऊन?" हे मागून भागीरथा. पुलगावची, तोंडाची फटकळ.

आणि मी म्हटलं — देवा! — मी म्हटलं, "अगं, घरबसल्याच करता ना तुम्ही? टीव्ही पाहता पाहता होतं."

शब्द माझ्याच तोंडातून निघाले. त्या मॅडमचा आवाजसुद्धा आला असेल. मी ऐकलं ते. सगळ्यांनी ऐकलं.

देवकाबाई उठल्या. रुईचं गाठोडं आणलं होतं, ते माझ्या पायाशी ठेवलं. "माह्या घरी टीव्ही नाई व काजल," एवढंच बोलल्या. चपला शोधायला त्यांना वेळ लागला, दृष्टी कमी झालीये. कोणीतरी शोधून दिल्या. मी नाही दिल्या.

१५ सप्टेंबर, सोमवार

चौदा जणींनी रुई परत आणून टाकली. ज्या करताहेत त्यांच्या वाती भुसभुशीत. बोट लावलं की सुटतात. मी काही म्हणत नाही. कोणत्या तोंडानं म्हणू?

१६ सप्टेंबर, मंगळवार

कार्तिक सरांचा मेसेज. माल कधी निघतोय? सोबत हात जोडल्याचं चित्र.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळीच देवकाबाईंकडे गेले. ओसरीत बसून वाती वळत होत्या — गावातल्या देवीच्या, नवरात्राच्या. या वातींचे पैसे त्या घेत नाहीत. शेजारी वाटीत राख. बोट राखेत, मग रुईला पीळ. मी समोर बसले. 

"चुकलं माझं," म्हटलं.

"थे मले मालूम हाये. दुसरं बोल."

 मग त्यांनीच विचारलं, "तुले पुडीचे किती भेटते?"

नऊ वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शेडमध्ये 'भाव पाडला' म्हणाले, पण कितीचा किती ते मी गिळलंच होतं. आज सगळं सांगितलं. चौतीस होते तेव्हा सगळं जाऊन मला पुडीमागे पाच उरायचे. आता एकोणतीस. बायकांचे साठच ठेवले तर मला काहीच उरत नाही. अठ्ठेचाळीस केले तर तीन उरतात.

देवकाबाईंचा हात थांबला नाही. एक वात झाली, दुसरी झाली. मग म्हणाल्या, "म्हंजे तुह्यं बी कमी झालं, आमचं बी कमी झालं. मंग त्याचं काय कमी झालं?"

"त्यांचं काहीच नाही."

"मंग त्याले नाई म्हन."

"कसं म्हणू? अठ्ठावीस हजार पुड्यांवर त्यांचं नाव छापलंय. बाहेर विकायची परवानगी नाही. करारात आहे."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. हातातली वात माझ्यासमोर धरली. "पुडीवर नाव हाये न? वातीवर कुठी हाये?"

मी ती वात हातात घेतली.

निघताना म्हणाल्या, "पन तू एकटीनं ठरवून नको येजो आता. मांगच्या खेपेले एकटीनंच हो म्हनलं तुनं. आता नाई बी एकटीनं नको म्हनू."

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. दुपारी शेडवर सगळ्या आल्या, रुई परत केलेल्याही. मी आज उभी राहिले नाही, खाली बसले. कराराचा कागद मधे ठेवला. जे देवकाबाईंना सांगितलं ते सगळ्यांना सांगितलं, पाच आणि तीनसकट. भागीरथा म्हणाली, "म्हंजे आमचे बारा कापून तू आपले तीन वाचवून राह्यली होती!" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग दोन वाटा ठेवल्या. एक — अठ्ठेचाळीसनं काम पुरं करायचं, पैसे दिवाळीआधी हातात. दुसरी — कंपनीला नाही म्हणायचं, पुड्या फाडायच्या, साध्या कागदात भरायच्या, आपणच विकायच्या. मजुरी साठच, पण माल खपेल तशी. कदाचित दिवाळीनंतर. कंपनी कोर्टाची नोटीसही धाडू शकते, तेही सांगितलं. ती माझ्या नावानं येईल.

भांडणंच झाली. रिंकू सगळ्यांत मोठ्यानं बोलली. "तुमाले जमते वाट पाह्याले. कोनाचा नवरा हाये, कोनाचा पोरगा हाये. मले आत्ताच पैसा पाह्यजे! अठ्ठेचाळीस त अठ्ठेचाळीस, पन भेटून त राह्यले!"

  तिचं खोटं कुठे होतं?

हात वर केले. चाळीस नाही म्हणायच्या बाजूनं, सतरा हो म्हणायच्या. पाचजणींचा हात ना वर ना खाली. मी हात वर केला नाही.

रिंकू लेकीला उचलून निघाली. मी मागे गेले. "रिंकू, तुझे मी आधी देते, घरातून—"

"एकलीले कायले देता ताई? मंग बाकीच्या काय म्हनतीन?" बरोबरच बोलली. हिंगणीला माहेरी जाते म्हणाली. तिकडे आईबरोबर सोयाबीन कापायला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

फोन केला. आधी पाणी प्यायले.

"सर, एकोणतीसला जमत नाही. चौतीस देणार असाल तर माल आज निघतो."

"मॅडम, तुम्ही कबूल करून गेलात ना? मी वर काय सांगू?"

"सांगा, बायकांनी नाही म्हटलं."

"बायकांनी?" — हसलेच ते. मग आवाज खाली आला. "मॅडम, एकदा नाव यादीतून गेलं की परत येत नाही. विचार करा. माझं टार्गेटही आहे यात, खोटं नाही सांगत."

खोटं सांगत नसावेत. तरी म्हटलं, विचार झालाय. फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. 

२८ सप्टेंबर, रविवार

चार दिवस नुसतं फाडणं!

अठ्ठावीस हजार पुड्या झाल्या होत्या. त्या चकचकीत कागदाला कात्री लावली की 'चर्र' आवाज होतो. चाळीस-पन्नास कात्र्या एकदम.  छपाईचे पैसे माझेच. तिसऱ्या दिवशी भागीरथा कंपनीच्या मॅडमची नक्कल करायला लागली — मॅडमला तिनं पाहिलेलंही नाही, फक्त माझ्याकडून ऐकलंय! वात चिमटीत धरून, नाक वर करून, "टीव्ही पाह्यता पाह्यता होते न हे?" सगळ्या खो-खो हसल्या. माझ्याकडे पाहून हसल्या. मीही हसले. डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचंच होतं असं म्हणू.

देवकाबाई एकेक वात चाचपून भुसभुशीत वेगळ्या काढत होत्या. पाच पोती निघाली! त्या पुन्हा वळायच्या. मजुरी न घेता वळू म्हणाल्या त्या बायका, ज्यांनी त्या केल्या होत्या.

मुकेश खाकी कागदाचे गठ्ठे घेऊन आला. दुकान दोन दिवस बंद ठेवलंय.

३० सप्टेंबर, मंगळवार

हरिदासभाऊंकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी मला अर्धा तास उभं ठेवलं. उदबत्त्यांची धूळ झटकत राहिले. मी उभी राहिले. मग म्हणाले, "पहा बरं, मालक मानूस आला माह्या दुकानात."

"भाऊ, चुकले."

"किती हाये?"

"अठ्ठावीस हजार."

फडकं हातातच राहिलं त्यांच्या. "बाप रे! मी किती विकीन? दोन हजार."

दोन हजार लिहून घेतल्या. निघाले तर मागून हाक. आर्वी, हिंगणघाट, वर्ध्याच्या दुकानदारांचे नंबर वहीतून काढून दिले. "माह्यं नाव सांगजा. अन् उधारीवर देऊ नोका कोनालेच, मलेही नाई."

७ ऑक्टोबर, मंगळवार

रोज मुकेशच्या गाडीवर दोन पोती. आर्वी झालं, देवळी झालं. काही दुकानदार पुडी हातात घेऊन म्हणतात, नाव नाही, चित्र नाही, कोण घेईल? एकानं तर न उघडताच परत केली. दहा हजार गेल्या. अठरा राहिल्या.

रिंकूला फोन लावला. उचलला नाही. तिच्या आईनं दुसऱ्यांदा उचलला, म्हणाली वावरात हाये, पोरीले ताप होता, आता बरा हाये. पोर वावराच्या धुऱ्यावर, बांधावर झोपवून सोयाबीन कापते म्हणे.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनतेरस. माल द्यायला वर्ध्याला गेले होते, परत येताना कंपनीच्या दुकानात शिरले. का शिरले, माहीत नाही. आत थंडगार, गाणी, दिव्यांच्या माळा. पूजेच्या मांडणीवर वाती होत्याच. तोच रंग, तेच चित्र, मशीनच्या वाती. पाकिटावर किंमत पाहिली. पासष्ट.

मागच्या वर्षी माझी आठ हजार पुडी त्यांनी पासष्टलाच विकली होती.

एक बाई टोपलीत दोन पाकिटं टाकून गेल्या. म्हणजे त्यांनाही स्वस्त मिळालं नाही! मग आमचे ते पाच रुपये गेले कुठे? मी तिथेच उभी राहिले. एका मुलीनं येऊन विचारलं, "मॅडम, काही मदत करू?" नाही म्हटलं. मॅडम म्हणाली मला. बाहेर आले तर ऊन एकदम डोळ्यांवर आलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

एकवीस हजार खपल्या. मजुरीचे दोन हप्ते वाटले. तिसरा दिवाळीनंतर. भागीरथा कुरकुरली, पण घेतले. नोटीस अजून नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की मी दाराशी जाऊन उभी राहते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

उरलेल्या सात हजारांना त्रिपुरी पौर्णिमेचा आधार आहे. नदीकाठच्या देवळांत लागतात. देवकाबाई म्हणाल्या, "जातीन. नाई गेल्या त पुढच्या साली जातीन. वात काई सडत नाई."

त्यांना विचारलं, आपण बरोबर केलं का?

"मालूम नाई व," म्हणाल्या. "रिंकूचं बरोबर नाई झालं, एवढं मालूम हाये."

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल पौर्णिमा झाली. चार हजार गेल्या. आज शेड झाडून काढलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला रिंकूचा फोन. आपणहून! आवाज इतका आनंदी की मी आधी ओळखलाच नाही. कार्तिक सर हिंगणीला येऊन गेले. तिच्या आईच्या बचत गटाला ऑर्डर देताहेत, बारा हजार पुड्या, पुडीला सत्तावीस. "ताई, पुडी बंद करायची मशीन कुठी भेटते? अन् तुमच्याकडच्या काही बाया देता का? हजाराले चाळीस देईन मी."

 मग तीच म्हणाली, "राग आला का ताई?"

"नाही गं. सही केलीस?"

"दुपारी येनार हायेत थे. बाराले."

"मी येतेय. तोवर करू नको."

घेऊ नको म्हणणार की कसं घे ते सांगणार — मला माहीत नाही. तिनं ऐकावं असं मी तिचं काय भलं केलंय? मुकेशनं गाडी काढली आहे. देवकाबाई मागे बसूनही झाल्या. निघते.